फर्माईश आली, आता वाजव!

समोरासमोर दोन पियानो, मध्ये चिठ्ठ्यांचा ढीग आणि गाणं सांगून मोकळी झालेली गर्दी. अमेरिकेतल्या ‘ड्युएलिंग पियानो बार’मध्ये टिकायला नेमकं काय लागतं? मध्यमा पूर्ण असूनही एका हळदीत तोंडावर आपटलेल्या मुलीने घेतलेला हा शोध.

गेल्या डिसेंबरमध्ये डोंबिवलीला मैत्रिणीच्या ताईची हळद होती. गच्चीवर मांडव, खुर्च्या, लायटिंग, सगळं फुल तयार. मी पेटी घेऊन गेले होते, कारण मैत्रिणीने येईल त्याला सांगून ठेवलं होतं, ‘ही मध्यमा पूर्ण आहे हं!’ पहिली दहा मिनिटं छान गेली. भूप वाजवला, एक नाट्यगीत वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि परत भज्यांच्या प्लेटकडे वळले.

मग नवरीचे एक काका पुढे आले. ‘पोरी, कोळीगीत घे एखादं,’ म्हणाले आणि मी पट्टी विचारायच्या आत सुरूच झाले. त्यांचा सा कुठे होता देव जाणे. मी काळी दोन धरली, ती लागेना. पांढरी तीन धरली, तोवर काकांचा अंतरा आला. तिसऱ्या प्रयत्नात सापडलं असं वाटलं, तर काकांनीच उत्साहात पट्टी वर नेली. दोन मिनिटांत कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर लावला आणि पब्लिक नाचायला लागलं. मला कुणी काही बोललं नाही. पेटीचं झाकण मात्र मी अगदी हळू लावलं.

रात्री कुडाळच्या आजोबांना फोनवर हा सीन सांगितला. त्यांनी उमेदीची बरीच वर्षं भजनी मंडळात झांज वाजवली आहे. ते हसले आणि म्हणाले, ‘तुका पेटी वाजवूक येता, पण समोरची माणसां वाचूक येणा नाय.’

हे वाक्य डोक्यात फिरत असतानाच इन्स्टावर एक रील समोर आलं. एक खच्चून भरलेला बार. स्टेजवर दोन पियानो एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले, दोन्हींवर दोघं वाजवतायत, गातायत, एकमेकांना चिडवतायत. समोरून चिठ्ठ्या येतायत आणि प्रत्येक चिठ्ठीचं गाणं होतंय. मी जिथे आपटले, नेमकं तेच काम ही माणसं रोज रात्री तीन-चार तास करत होती. म्हटलं, यांना असं काय येतं जे मला येत नाही?

त्यानंतरचे तीन आठवडे मी रात्री जागून व्हिडिओ पाहिले, वाचलं, पेटीवर आणि उसन्या कीबोर्डवर करून बघितलं. जे हाती लागलं ते हे.

चिठ्ठी, नोट आणि गोंधळ

ड्युएल म्हणजे द्वंद्व. पण इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. दोन वादक एकाच वेळी एकच गाणं वाजवतात. एकजण पुढाकार घेऊन गातो, दुसरा त्याला साथ करतो आणि पुढच्या गाण्याला भूमिका बदलतात. गाणी ठरलेली नसतात. टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या किंवा पेपर नॅपकिन असतात. त्यावर गाणं लिहायचं, सोबत डॉलरची नोट ठेवायची आणि पियानोवर नेऊन द्यायचं. नोट मोठी असेल तर नंबर लवकर लागतो.

खरी मजा पुढे आहे. एखाद्याला चालू गाणं आवडलं नाही तर तो आणखी पैसे देऊन ते बंद करायला सांगू शकतो. गाणं जिथल्या तिथे थांबतं. मग ज्याने सांगितलं होतं तो चिडून त्याहून जास्त पैसे टाकतो आणि गाणं पुन्हा सुरू होतं. प्रतिस्पर्धी कॉलेजांची गाणी सांगून एकमेकांची जिरवणं, हा तर तिकडच्या विद्यार्थ्यांचा लाडका उद्योग. म्हणजे आपल्या आंतरकॉलेज स्पर्धेतली घोषणाबाजी, पण पियानोवर आणि पैसे लावून.

वाढदिवस असलेल्या माणसाला स्टेजवर बोलावतात. लग्न ठरलेल्या मुलीला मैत्रिणींसकट उभं करतात आणि तिची यथेच्छ फिरकी घेतात. गर्दी गाते, टेबल बडवते, पुढच्या ओळी ओरडते. पियानो दिसायला मोठा ग्रँड असला तरी अनेक ठिकाणी तो नुसता लाकडी सांगाडा असतो आणि आत इलेक्ट्रिक कीबोर्ड बसवलेला असतो. एवढ्या कलकलाटात आवाज पोचायला हवा ना!

एक जोडी रात्रभर वाजवत नाही. बऱ्याच ठिकाणी तीन-चार वादक असतात आणि ते आलटून पालटून बसतात. एकजण उठतो, दुसरा त्याच्या जागी येतो आणि गाणं मात्र चालूच राहतं. टिपचे पैसेही बऱ्याच ठिकाणी वाटून घेतात. त्यामुळे ‘माझी चिठ्ठी, माझे पैसे’ असा हिशेब फारसा चालत नाही.

राजदरबारातून बारमध्ये

दोन वादकांना समोरासमोर बसवायची हौस जुनीच आहे. २४ डिसेंबर १७८१ ला व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने मोझार्ट आणि इटलीचा मुझिओ क्लेमेंटी यांची अशीच जुंपली होती. शेवटी बरोबरी जाहीर झाली. १८३७ मध्ये पॅरिसच्या एका सरदार घराण्यातल्या बाईंच्या दिवाणखान्यात फ्रान्झ लिस्ट आणि थालबर्ग असेच आमनेसामने आले होते.

पण बारमधल्या पियानोचं खरं नातं आहे न्यूयॉर्कच्या हार्लेमशी. १९२० च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत घरभाडं जमवायला ‘रेंट पार्टी’ व्हायच्या. म्हणजे घरात पियानोवादक बोलवायचा, येणाऱ्याकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यातून भाडं भरायचं. अशा ठिकाणी वादकांच्या चुरशी लागायच्या, त्यांना ‘कटिंग कॉन्टेस्ट’ म्हणत. जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर, विली ‘द लायन’ स्मिथ ही तिथली बडी नावं. जॉन्सन यांची ‘कॅरोलिना शाउट’ ही रचना म्हणजे प्रवेश परीक्षाच होती. ती येत नसेल तर बसायचंच नाही. ड्यूक एलिंग्टन यांनी ती आपोआप वाजणाऱ्या पियानोचा वेग कमी करून, खाली-वर होणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून शिकली. आपण यूट्यूबवर ०.५ स्पीड लावतो, तेच. मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्ट टेटम नावाचा, जवळजवळ दृष्टिहीन असलेला तरुण न्यूयॉर्कला आला आणि त्याने या सगळ्यांना गप्प केलं.

तिथे मात्र खरंच हरवायचं असायचं. आजच्या ड्युएलिंग पियानोचा घाट वेगळा आहे आणि त्याचं जन्मस्थान म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या ‘पॅट ओब्रायन्स’कडे बोट दाखवतात. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, त्याच वर्षी हा बार अधिकृतपणे सुरू झाला आणि १९४२ मध्ये सेंट पीटर स्ट्रीटवरच्या आताच्या जागेत आला. तिथले तांब्याचा पत्रा मढवलेले दोन पियानो प्रसिद्ध आहेत. पियानोच्या साथीला एडी गॅब्रिएल नावाचे वादक असायचे. शिंपी बोटांत घालतात तशी धातूची टोपणं घालून ते ट्रेवर ताल धरायचे. कित्येक दशकं त्यांनी हेच केलं. २००५ च्या कॅटरिना वादळात ते गेले.

१९८० च्या दशकात टेक्सासमधल्या डॅलसमध्ये या प्रकाराला रॉक अँड रोलचा आणि विनोदाचा तडका मिळाला. १९९० मध्ये सिनसिनाटीत ‘हाउल ॲट द मून’ सुरू झालं आणि त्याच्या शाखा इतर शहरांत गेल्या. आता लास व्हेगासची हॉटेलं, लग्नं, ऑफिसच्या पार्ट्या, कॉलेजांचे कार्यक्रम असा सगळीकडे हा प्रकार चालतो. २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या अवाढव्य क्रूझवर तर या नावाची जागाच आहे. कार्टूनवाल्यांनो, ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) आठवतोय? त्यात डोनाल्ड डक आणि डॅफी डक यांची जी पियानोवर मारामारी आहे ती हीच.

पट्टी कुठली?

आता मुद्द्याचं. या कामाला काय लागतं?

पहिलं म्हणजे कान. चिठ्ठीवर गाण्याचं नाव असतं, नोटेशन नसतं. काही वादक आता टॅब्लेटवर शब्द उघडून ठेवतात, पण बोटांना चाल यावीच लागते. शिवाय गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलते. आपल्याकडे स्केलचेंजर पेटी असते, कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटन असतं. पण दोघंजण एकत्र वाजवताना एकाने बटन दाबलं आणि दुसऱ्याने नाही, तर जे ऐकू येईल त्याला संगीत म्हणत नाहीत. म्हणून बाराही पट्ट्यांत हात फिरावा लागतो.

इथे एक गंमत कळली. अमेरिकेतले वादक सुरांना आकडे देतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये नील मॅथ्यूज या गायकाने रेकॉर्डिंगच्या सोयीसाठी ही पद्धत काढली. मूळ सूर एक, त्यापुढचा दोन, असं सातपर्यंत. गाणं ‘एक-पाच-सहा-चार’ असं लिहिलं की कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. वाचलं आणि मी डोक्यावर हात मारला. अहो, हा आपला सरगमच की! आपला सा कुठेही ठेवता येतो, तसाच त्यांचा ‘एक’. एक-पाच-सहा-चार म्हणजे सा-प-ध-म. फक्त प्रत्येक सुरावर एक सूर सोडून एक असे तीन सूर एकदम दाबायचे. सावर सा-ग-प, पवर प-नी-रे, धवर ध-सा-ग आणि मवर म-ध-सा. या चार जागांवर इंग्रजी पॉप गाण्यांचा केवढा तरी मोठा ढीग उभा आहे. पेटी शिकलेल्या माणसाला ही गोष्ट अर्धी आधीच येत असते, कुणी सांगितलेली नसते एवढंच.

आणि गर्दीत बोलणं ऐकू येत नसेल तर? वादक बोटांनी खुणा करतात. बोटं वर केली की पट्टीत तेवढे शार्प, खाली केली की तेवढे फ्लॅट. काकांनी मला दोन बोटं दाखवली असती तरी माझी अब्रू वाचली असती.

डाव्या हाताचं दुखणं

दुसरी गोष्ट डावा हात. पेटी शिकलेल्यांची खरी गोची इथे होते. आपला डावा हात जन्मभर भाता मारतो. सूर सगळे उजव्याकडे. साडेतीन सप्तकांची पेटी, त्यातही आपण फिरतो दीड-दोन सप्तकांत. पियानोला ८८ पट्ट्या आहेत आणि बारमध्ये ना ड्रमवाला असतो, ना बास गिटारवाला. ते दोघं म्हणजे तुमचा डावा हात. तो डळमळला की नाचणारी माणसं थांबतात.

मी उसन्या कीबोर्डवर पाच दिवस फक्त डाव्या हाताने खर्जातला सा आणि प असे ठोके दिले. पहिल्या दिवशी उजवा हात सुरू केला की डावा थांबायचा. पाचव्या दिवशी डावा चालू राहिला, पण मग तोंडाने गायला लागले की उजवा थांबला. इथे दोन्ही हात, गळा आणि नजर अशी चारही कामं एकदम करायची असतात. नुसतं उत्तम वाजवणारा किंवा नुसतं उत्तम गाणारा इथे चालत नाही. दोन्ही बऱ्यापैकी येणारा आणि न थांबणारा चालतो. चुकलात तर चुका, पण ताल सोडू नका, असा हा मामला आहे. परीक्षेला नेमकं उलटं शिकवतात, चुकलं की मागे जाऊन परत घ्यायचं.

तिसरी गोष्ट साठा. काही शे गाणी तयार हवीत, मुरलेल्या वादकांकडे हजाराच्या वर असतात. पण एकेक गाणं साग्रसंगीत पाठ करून एवढा साठा होत नाही. सुरुवातीचा ओळखीचा तुकडा, एक कडवं आणि सगळे गातात ते धृपद, एवढं आधी पक्कं करायचं. लोकांना गाणं त्याच्या पहिल्या चार सुरांवरून कळतं आणि मग ते स्वतःच गायला लागतात. साठाही सगळ्या वयांचा लागतो. आजीच्या काळातलं, बाबांच्या कॉलेजातलं आणि गेल्या आठवड्यात रीलवर आलेलं. मी माझी यादी काढून बघितली. चाळीस राग, बंदिशी, नाट्यगीतं वगैरे भरपूर. हळदीत कुणी मागेल अशी गाणी? सहा.

गर्दी वाचायची कशी?

आजोबांचं वाक्य इथे येऊन बसतं. समजा पियानोवर दहा चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या चार संथ, रडक्या गाण्यांच्या. एकीला मोठी नोट लावली आहे. लगेच घ्यायचं? घेतलं तर नाचणारी टेबलं बसतील. नाही घेतलं तर पैसे देणारा नाराज होईल. मग आधीच्या गाण्याला जोडून अर्धं कडवं घ्यायचं, की सगळे दमल्यावर पूर्ण? असे निर्णय रात्रभर, दर तीन मिनिटांनी.

येत नसलेलं गाणं आलं तर? आधी समोरच्याकडे बघायचं, त्याला येत असेल तर तो घेतो. दोघांनाही येत नसेल तर त्याच गायकाचं दुसरं घेतात किंवा ‘हे गाणं आम्हाला येत नाही’ यावरच एक विनोद करतात. जे करतच नाहीत ते म्हणजे तोंड पाडून बसणं. मी नेमकं तेच केलं होतं.

फिरकी घेण्याचंही तसंच. स्टेजवर आलेल्या माणसाची किती थट्टा करायची, हे त्याच्या चेहऱ्यावरून क्षणात ओळखावं लागतं. तो स्वतः हसतोय की फक्त त्याचे मित्र हसतायत? बऱ्याच व्हिडिओंमध्ये मी एक गोष्ट पाहिली. चांगले वादक आधी स्वतःवर किंवा समोरच्या वादकावर विनोद करतात, पाहुण्यावर नंतर. कॉलेजच्या गॅदरिंगला अँकरिंग करणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

समोरच्याला उचलायचं

सगळ्यात जास्त चकित झाले ते दुसऱ्या पियानोवरच्या माणसाकडे बघून. एकाच गाण्याचा व्हिडिओ मी दोनदा बघायचे. एकदा गाणाऱ्याकडे लक्ष देऊन, एकदा न गाणाऱ्याकडे. न गाणारा काय काय करतो बघा. गाणारा खालच्या सप्तकात असेल तर हा वर जातो, म्हणजे दोघांची खिचडी होत नाही. गाणारा श्वास घेतो तेवढ्या फटीत हा छोटा तुकडा भरतो. धृपदाला दुसरा आवाज लावतो. पियानोच्या लाकडावर थाप मारून ड्रम होतो. गाणारा शब्द विसरला तर ओळ सुरू करून देतो, तीही अशी, की गर्दीला वाटावं हे ठरलेलंच होतं. आणि हे सगळं समोरच्याचे हात न बघता, कारण मध्ये दोन पियानो असतात. दिसतो तो फक्त चेहरा.

भांडणाचा आव आणायचा आणि आतून एकमेकांना सावरायचं, हे या कामाचं मर्म आहे. स्वतःला ग्रेट सिद्ध करायला बसलेला वादक इथे फार काळ टिकत नाही, कारण त्याच्यासमोर कुणी बसायला तयार होत नाही. साथ करणं म्हणजे कमीपणा, असं मला नाही म्हटलं तरी वाटायचं. खरं सांगू? फर्माईशीवर वाजवणाऱ्यांनाही मी जरा खालचंच समजायचे. ‘आपण शास्त्रीय शिकलोय’ हा माज हळदीच्या गच्चीवर दोन मिनिटांत उतरला.

याची किंमतही आहे

हे सगळं ऐकायला भारी वाटतं, पण रोज करायचं म्हटलं तर अवघड आहे. रात्री उशिरापर्यंतचं काम. गोंगाटात ओरडून गाण्याने गळा बसतो, जोरात वाजवून मनगटं धरतात, कानांवर ताण येतो. समोरची माणसं प्यायलेली असतात आणि त्यातली सगळीच गोड नसतात. तीच पाच-दहा गाणी रोज मागितली जातात आणि तुम्हाला ती पहिल्यांदाच वाजवत असल्यासारखी वाजवायची असतात. कमाईचा मोठा भाग टिपवर असेल तर सोमवारची रात्र आणि शनिवारची रात्र यांत जमीन-अस्मानाचा फरक.

गायक-संगीतकार बिली जोएल यांनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बारमध्ये सुमारे सहा महिने बिल मार्टिन या नावाने पियानो वाजवला. रेकॉर्ड कंपनीशी वाद चालू होता, पैसे हवे होते. तिथे येणाऱ्या माणसांवरून त्यांनी ‘पियानो मॅन’ हे गाणं केलं, ते १९७३ मध्ये आलं आणि आज पियानो बारमध्ये त्याची फर्माईश सतत येत असते. पुढे १९९४ पासून त्यांनी एल्टन जॉन यांच्यासोबत दोन पियानो समोर ठेवून दौरेही केले, स्टेडियममध्ये. पण बारमधल्या प्रत्येकाच्या नशिबी स्टेडियम नसतं. बहुतेकांसाठी बार हेच काम असतं आणि ते चांगलं करणं हीच कमाई.

आपली डबलबारी

आजोबांना मी एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘ह्येंचे झांजवाले खंय?’

त्यांना ते अजिबात परकं वाटलं नाही, कारण सिंधुदुर्गात आणि मुंबईतल्या चाकरमान्यांत भजनाची डबलबारी रंगते ती अशीच. दोन मंडळं समोरासमोर, दोन बुवा, दोन पेट्या, पखवाज, झांज, मागे कोरस. बुवा स्वतः पेटी वाजवतात आणि गातात. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं, जमलं तर टोमणाही मारायचा. पोस्टरवर लिहिलेलं असतं ‘सामना’. दारू नाही, डॉलर नाहीत, समोर देव आहे, आणि दोन्ही बुवा एकाच वेळी वाजवत नाहीत, हे फरक मोठे आहेत. तरी लोकांसमोर बसून, लोकांचा कल बघून, समोरच्याच्या ओळीतून आपली ओळ काढायची, ही कला दोन्हीकडे आहे.

आजोबा म्हणाले, बुवा गाताना आधी झांजवाल्यांकडे बघत नाहीत, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघतात. तो डुलायला लागला की मग लय वाढवतात. हे मला कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं.

तुम्हीही करून बघा

पियानो नसला तरी चालेल. पेटी, कीबोर्ड, गिटार, युकुलेली, काहीही दोन वाद्यं आणि दोन मित्र घ्या.

• दोघांनी मिळून वीस गाण्यांची यादी करा. पाच आई-बाबांच्या काळातली हवीतच.

• प्रत्येक गाण्याचा सुरुवातीचा तुकडा, एक कडवं आणि धृपद तयार करा. आधी एका पट्टीत, मग आणखी दोन पट्ट्यांत.

• एकजण गाईल तेव्हा दुसऱ्याने फक्त साथ करायची. गाणाऱ्यापेक्षा मोठ्याने वाजवलं तर चहाचे पैसे त्याचे.

• चुकलात तरी थांबायचं नाही. पूर्ण गाणं संपल्यावरच भांडायचं.

• मित्रांकडून चिठ्ठ्या घ्या. न येणारं गाणं आलं तर काय करायचं, ते आधी ठरवू नका.

आम्ही करून बघितलं. वर्गातला एक मित्र कीबोर्ड वाजवतो. मागच्या शनिवारी कॉलेजच्या कॅन्टीनमागे आम्ही समोरासमोर बसलो, पंधरा-वीस जण जमले. एका तासात सतरा चिठ्ठ्या आल्या. सात गाणी नीट झाली. सहा कशीबशी ओढली. तीन आम्हाला येतच नव्हती, त्यातलं एक समोरच्या फर्स्ट इयरच्या मुलीला येत होतं, तिलाच पुढे बोलावलं आणि तेच सगळ्यात मस्त झालं. शेवटच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘थांबा.’ सोबत दहाची नोट होती. आम्ही थांबलो नाही, कारण दुसऱ्याने वीसची टाकली.

मे महिन्यात त्याच कोळीगीतवाल्या काकांच्या मुलीचा साखरपुडा आहे. मला बोलावणं आलंय आणि मी पेटी नेणार आहे. काका पट्टी सांगणार नाहीत, हे आता माहीत आहे. ते सुरू झाले की पहिली ओळ मी काहीच वाजवणार नाही. त्यांच्याकडे बघणार, हसणार आणि नुसता त्यांचा सा शोधणार. दुसऱ्या ओळीला येते, काका. तुम्ही गा.